टेबल डोक्याकडे खाली होतं

माझ्या चुकीमुळे एक बाळंतीण ऑपरेशन टेबलावर मरता मरता वाचली, आणि ती वाचली म्हणून तिच्या घरच्यांनी माझे आभार मानले. त्या प्रसंगाशी संबंध असलेली माणसं सोडली तर ही गोष्ट मी आजवर नवऱ्याला आणि एका जुन्या वर्गमैत्रिणीला, एवढ्या दोघांनाच सांगितली आहे. दिवाळी अंकासाठी कामातले गमतीचे अनुभव लिहा, असा फोन आला तेव्हा मी हो म्हटलं आणि खरोखरच गमतीचं लिहायला बसले. पण दर वेळी दुसऱ्या पानावर हीच बाई समोर यायला लागली. म्हणून तिचंच लिहिते. नावं बदलली आहेत. नर्सिंग होम लालबाग आणि परळच्या मध्ये कुठेतरी होतं, एवढं पुरे.

मी भूल देणारी डॉक्टर. कुठल्याच एका हॉस्पिटलला बांधलेली नव्हते. गिरगावातून सकाळी बॅग घेऊन निघायचं आणि दादर, परळ, लालबाग इथल्या ज्या नर्सिंग होमचा फोन येईल तिथे जायचं. पेशंटला सर्जनचं नाव आयुष्यभर आठवतं, आमचं बहुधा विचारायचंही राहून जातं. "त्या पाठीत इंजेक्शन देणाऱ्या बाई", एवढीच आमची ओळख. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. आम्ही लक्षात राहिलो नाही, म्हणजे सगळं नीट झालं.

त्या पाठीतल्या इंजेक्शनबद्दल आधी सांगायला हवं. मणक्यांच्या आत मज्जारज्जूभोवती स्वच्छ, नितळ पाणी असतं. कमरेत बारीक सुई घालून आम्ही त्या पाण्यात दोन-अडीच मिलीलीटर औषध सोडतो. औषधात साखर असते, त्यामुळे ते त्या पाण्यापेक्षा जड होतं. ढवळण्याआधी सरबतातला पाक तळाला बसतो, तसं हे औषध जिकडे उतार असेल तिकडे सरकतं. जिथवर पोचेल तिथवर शरीर बधिर. सिझेरियनला ते छातीपर्यंत चढावं लागतं. त्याच्या खाली राहिलं तर बाईला दुखतं. फार वर, मानेपर्यंत गेलं, तर हात जातात, आवाज जातो आणि श्वास थांबतो. दहा-पंधरा मिनिटांनी औषध जागा धरतं, मग फारसं हलत नाही. तोवरचा बराचसा खेळ आमच्या हातात असतो, आणि काही आमच्या हातात नसतो.

एकाच हाताने, एकाच जागी, तेवढंच औषध दिलं तरी दोन माणसांत ते सारखं चढत नाही. लालबागचा एक सहा फुटी कबड्डीपटू हर्नियासाठी आला होता. त्याला औषध गुडघ्याच्या वर चढेना. शेवटी पूर्ण भूल द्यावी लागली. शुद्धीवर आल्यावर तो ओशाळून म्हणाला, मॅडम, माझ्यावर औषध वाया गेलं. शिवाजी पार्कचे एक निवृत्त प्राध्यापक तर टेबलावर झोपूनच मला प्रश्न विचारत होते. उंचीवर अवलंबून आहे का? वयावर? पाठीच्या बाकावर? मी म्हटलं, थोडं थोडं सगळ्यावर. औषधाची मात्रा, उतार, पाठीचा आकार, वय. गरोदर बाईच्या पोटाचा दाब आतल्या पाण्याची जागा कमी करतो, म्हणून तिच्यात कमी औषध जास्त वर जातं. आणि मूळ पाणी कुणाच्या पाठीत किती आहे, हे बाहेरून कळतच नाही. ते म्हणाले, म्हणजे तुम्ही अंदाजाने देता. मी म्हटलं, अनुभवाने. ते हसले. मीही हसले. त्या हसण्यात माझा थोडा तोरा होता, हे आता कबूल करते.

दर्शना परब तीस-एकतीस वर्षांची होती. हिंदमाताला साड्यांच्या दुकानात काम करायची. उंची जेमतेम साडेचार फूट, आणि पोटात जुळं. नवरा उदय लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला, वरळीच्या ऑफिसांमध्ये. सासू मूळची मालवणकडची, सासरे गिरणीतले. सकाळी मी तपासायला गेले तेव्हा दर्शना मला म्हणाली की, दुकानात वरच्या फळीवरची साडी काढायला तिला स्टूल लागतं आणि गिऱ्हाइकं हसतात. आता दोन मुलं उचलून स्टुलावर कशी चढणार, असं विचारून स्वतःच हसली. घाबरली होती, पण दाखवत नव्हती.

त्या सकाळी त्याच टेबलावर तिच्या आधी माझी एक केस झाली होती, गर्भपिशवी काढायची. त्या ऑपरेशनमध्ये आतडी बाजूला सरकावीत म्हणून डोक्याकडची बाजू खाली करावी लागते. सर्जन डॉ. सामंत, त्यांचंच नर्सिंग होम, म्हणाले, हेड लो. टेबलाचा दांडा फिरवायचं काम भूल देणाऱ्याचं. मीच फिरवला. ऑपरेशन संपल्यावर तो परत फिरवून टेबल सरळ करायचं कामही माझंच. मी ते थोडं केलं आणि तेवढ्यात दादरहून फोन आला, तिथली केस तयार होती, तुम्ही किती वाजता येताय. मी फोनवर बोलत बाहेर गेले. टेबल डोक्याकडे चार बोटं खाली राहिलं. वर स्वच्छ चादर पसरली की चार बोटं डोळ्यांना दिसत नाहीत.

अकराच्या सुमाराला दर्शनाला आत घेतलं. टेबलावर आडवी बसवून, पाय खाली सोडायला लावून मी तिच्या कमरेत इंजेक्शन दिलं. सुई पहिल्याच झटक्यात पोचली. उंची आणि जुळं लक्षात घेऊन मी औषध नेहमीपेक्षा थोडं कमी केलं होतं. आणखी कमी करायला हवं होतं का, यावर आजही माझं स्वतःशी भांडण होतं. तिला पाठीवर झोपवलं, उजव्या कुशीखाली उशी सरकवली आणि स्पिरिटचा कापूस घेऊन बसले. कापूस जिथे गार लागत नाही, तिथपर्यंत औषध पोचलं, अशी ती साधी परीक्षा.

मांडीला गार नाही. पोटाला नाही. मी खूश. दुसऱ्या मिनिटाला छातीलाही नाही. हे जरा लवकर होतं. मग ती म्हणाली, मॅडम, बोटांना मुंग्या येतायत.

मी माझी दोन बोटं तिच्या मुठीत दिली आणि म्हटलं, दाब. तिने दाबली असं तिला वाटलं असणार. मला काहीच जाणवलं नाही.

सिस्टर फिलोमिना माझ्या बाजूला होती. दादरच्या जुन्या ख्रिश्चन वस्तीतली, त्या नर्सिंग होममध्ये माझ्याही आधीपासून. तिने मॉनिटरकडे पाहिलं आणि ऑक्सिजनचा मास्क माझ्या हातात ठेवला. ब्लड प्रेशर कोसळत होतं, नाडी चाळिशीत आली होती. दर्शना काहीतरी बोलत होती. मी कान तिच्या तोंडाशी नेला. आवाज नव्हता, नुसते ओठ. "श्वास... नाही... लागत." मग ओठही थांबले. डोळे अर्धवट मिटले.

मी नाडी वाढवायचं इंजेक्शन दिलं, ब्लड प्रेशरचं दिलं, मास्कने हवा द्यायला लागले. रिकामी झालेली काचेची कुपी घाईत टेबलावर, तिच्या खांद्याजवळ ठेवली गेली. ती कुपी घरंगळली. पायाकडे नाही, डोक्याकडे. हळूहळू तिच्या कानाजवळून गेली आणि खाली पडून फुटली.

मी तो आवाज अजून ऐकते. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "टेबल डोक्याकडे खाली आहे. मीच फिरवलं होतं. मी बघितलंच नाही."

सिस्टरने टेबल सरळ केलं आणि दर्शनाचे पाय उचलून उशांवर ठेवले. मी तिच्या घशात नळी घातली. नळी घालण्याआधी झोपेचं औषध द्यायचं असतं. पण ब्लड प्रेशर इतकं खाली होतं की त्या औषधाने हृदयच थांबेल, अशी भीती होती. ती बेशुद्ध आहे, असं मी धरलं. हाक मारली, उत्तर आलं नाही. तेवढ्यावर मी धरलं. सामंतांना म्हटलं, बाळं काढा, आत्ता.

पहिली मुलगी लगेच रडली. दुसरी निळी आली. बालरोगतज्ज्ञ तिच्यावर वाकले होते आणि मी तिच्या आईच्या नळीला जोडलेला हवेचा फुगा हाताने दाबत होते. एका खोलीत दोन माणसांचा श्वास दुसरी माणसं घेत होती. सामंत टाके घालता घालता दर मिनिटाला विचारत होते, प्रेशर किती, प्रेशर किती. सिस्टर हलक्या आवाजात प्रार्थना म्हणत होती. मग दुसरी मुलगी रडली. दर्शनाचं ब्लड प्रेशर शंभरावर आलं, तेव्हा मी तिला झोपेचं औषध दिलं. मधे किती मिनिटं गेली, ते केस पेपरवर आहे. मला इथे लिहायचं नाही.

असं औषध खालून चढतं, पण उतरतं ते वरून. आधी श्वास परत येतो, मग हात, शेवटी पाय. दादरला कळवून टाकलं की दुसरं कुणी बोलवा. दुपारी दोनला दर्शनाने स्वतः श्वास घेतला, तीनला मी नळी काढली. माझा झगा घामाने अंगाला चिकटला होता.

बाहेर उदय आणि त्याची आई उभी होती. सामंतांनी त्यांना सांगितलं की औषधाची रिअ‍ॅक्शन आली, अशी क्वचित एखादीला येते, पण मॅडमनी वेळेवर ओळखलं. मी बाजूला उभी होते. मी मान हलवली. सामंतांनी मला काही विचारलं नव्हतं, मीही त्यांना अडवलं नाही. उदयने हात जोडले. त्याच्या आईने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "बाय माझे, तू देवासारखी इलंस."

मला कुणी तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं. केस पेपरवर मी सगळं लिहिलं. औषधं, वेळा, ब्लड प्रेशर, नळी. टेबलाचं लिहिलं नाही.

दोन दिवस मी कामं करत राहिले. प्रत्येक टेबलाखाली वाकून पाहायचे. नर्सेस बघत राहायच्या. नवऱ्याला ऑपरेशनच्याच दिवशी सांगितलं होतं. तो म्हणाला, ती बरी आहे ना, बाळं बरी आहेत ना, मग आता काय. तो वाईट अर्थाने म्हणाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी दर्शनाला बघायला गेले. दोन्ही मुली पाळण्यात होत्या, सासू डबा आणायला घरी गेली होती. दर्शना उशीला टेकून बसली होती, तोंड सुकलेलं. मी पायाची ताकद तपासली, पाठ पाहिली, डोकं दुखतं का विचारलं. ती सगळ्याला नीट उत्तरं देत होती. मी निघाले तशी ती म्हणाली, मॅडम, दार लावाल का जरा.

मी दार लावलं.

तिने मला विचारलं की ऑपरेशनच्या वेळी माणसाला स्वप्नं पडतात का. वॉर्डच्या नर्सने तिला सांगितलं होतं, औषधाने भास होतात, विसरून जा. नवरा म्हणाला, तू नको त्याचा विचार करू. पण डोळे मिटले की तिला तेच दिसत होतं, म्हणून ती दोन दिवस झोपली नव्हती. आपल्या डोक्यावर परिणाम झाला की काय, अशी तिला भीती वाटत होती. मी म्हटलं, काय स्वप्न पडलं?

ती खाली बघत एकेक सांगत गेली. कुणीतरी तिच्या घशात कडक काहीतरी घालत होतं आणि तिला हलता येत नव्हतं. श्वास घ्यायचाय आणि छातीच नाही, असं वाटत होतं. सिस्टर येशूचं नाव घेत होती. कुणीतरी पुन्हा पुन्हा प्रेशर किती विचारत होतं. एक बाळ रडलं, दुसरं रडेना, आणि ती मनातल्या मनात ओरडत होती की त्या बाळाकडे बघा, माझ्याकडे नको. मग ती थांबली आणि म्हणाली, "कानाजवळ काच फुटली. आणि तुम्ही म्हणालात, टेबल डोक्याकडे खाली आहे, मीच फिरवलं होतं."

पकडले गेल्याचं मला त्या क्षणी सुचलंही नाही, ते नंतर आलं. आधी फक्त एवढंच कळलं की ती जागी होती. नळी घालताना जागी होती. श्वास बंद, हात बंद, आवाज बंद, पापणीसुद्धा उचलता येत नाही, आणि आत ती पूर्ण जागी, सगळं ऐकतेय. तिला अशा ठिकाणी मी पोचवलं होतं, आणि ती बेशुद्ध आहे असं समजून तिच्या डोक्याशी उभी राहून बोलत होते.

ती माझ्याकडे बघत होती. "खरं सांगा ना मॅडम. स्वप्न होतं ना?"

स्वप्न होतं म्हटलं असतं तर तिने ऐकलं असतं. तिला तेच ऐकायचं होतं, निदान निम्म्या मनाने. वॉर्डची नर्स तेच म्हणाली होती, सामंत तेच म्हणाले असते. भास होतात, हे खोटंही नाही, होतात कधी कधी. मला फक्त मान हलवायची होती, जशी बाहेर हलवली होती. एक मुलगी कुरकुरली, दर्शनाने न बघता पाळण्याला झोका दिला.

मी म्हटलं, "नाही. स्वप्न नव्हतं. तुम्ही ऐकलंत ते सगळं झालं. टेबल मी सरळ करायला हवं होतं, मी केलं नाही. आणि तुम्ही जाग्या आहात, हे मला कळलं नाही."

ती रडली नाही. ती म्हणाली, म्हणजे मी वेडी नाही झाले. मी म्हटलं, नाही. मग ती रडली, आणि मला बाजूला बसू दिलं.

उदयला मी त्याच संध्याकाळी, तो कामावरून आल्यावर, तिच्यासमोर सांगितलं. सगळं, कुपीसकट. तेही सांगितलं की टेबल सरळ असतं तर हे झालंच नसतं, असं छातीठोकपणे मी म्हणू शकत नाही. तिची उंची, जुळं, आतलं पाणी, औषध, कशाने किती चढलं हे कुणालाच सांगता येणार नाही. पण टेबल मी बघितलं नव्हतं, हे नक्की सांगू शकते. तो लिफ्टची कामं करणारा माणूस. तो म्हणाला, "आमच्यात एखादा बोल्ट तपासायचा राहिला तर आम्ही रिअ‍ॅक्शन आली म्हणत नाही." मग त्याने मला खोलीतून जायला सांगितलं. आवाज चढवला नाही. त्याची आई दाराशी डबा घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

केस पेपरवर मी त्याच संध्याकाळची तारीख आणि वेळ घालून टेबलाचं लिहिलं, खाली सही केली. सामंतांना दाखवलं. ते बराच वेळ वाचत राहिले. आई आणि दोन्ही मुली घरी जातायत, आता हे कुणासाठी लिहिलंत, असं त्यांनी विचारलं. मी कागद परत फाइलला लावला. त्यानंतर त्या नर्सिंग होममधून मला फोन आला नाही. सिस्टर फिलोमिनाचा मात्र नाताळला यायचा. त्या दिवसाबद्दल ती एकदाही बोलली नाही.

उदयने कागदाची प्रत मागून घेतली. वकिलाची नोटीस येईल म्हणून मी वर्षभर वाट पाहिली. आली नाही. का आली नाही, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

चार वर्षांनी मी दादरच्या एका हॉस्पिटलमध्ये असताना तिथल्या रिसेप्शनिस्टने सांगितलं, एक पेशंट तुम्हीच हवात म्हणून बसलीय. दर्शना होती. पित्ताशयात खडे झाले होते, ऑपरेशन ठरलं होतं. मी तिला सांगितलं, इथे माझ्याहून चांगल्या तरुण डॉक्टर आहेत, मी स्वतः त्यांच्याशी बोलते. ती म्हणाली की तिला पूर्ण झोपायची भीती वाटते, आत कुठेतरी जाग येईल आणि कुणाला कळणार नाही अशी. आणि ती भीती तिला नव्या माणसाला पहिल्यापासून समजावत बसायची नव्हती. मी तिचे रिपोर्ट हातात घेतले.

ऑपरेशनच्या दिवशी मी तिला झोपवलं, आणि ऑपरेशन संपेपर्यंत तिच्या डोक्याशी बसून तिच्याशी बोलत राहिले. आता अमुक चाललंय, आता टाके घालतायत, मी इथेच आहे. तिथला सर्जन तरुण होता. त्याने एकदा चमकून पाहिलं आणि परत कामाकडे वळला. झोपेची खोली मोजायचं यंत्र डोक्याला लावलेलं होतं. त्याच्यावरून माझी नजर हलली नाही.

रिकव्हरीत ती अजून गुंगीत होती, तेव्हा उदयला आत सोडलं. त्या संध्याकाळनंतर आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर येत होतो. तिच्या छातीची हालचाल तो बराच वेळ बघत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, मी तुम्हाला माफ केलेलं नाही. ती म्हणाली म्हणून फॉर्मवर सही केली."

मी म्हटलं, "बरोबर आहे."

त्याने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि पलंगाच्या पलीकडे बसला. अलीकडे मी होते. ती डोळे उघडेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.